अर्धं वाक्य झाकणारा तक्ता

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही कापडाचे आहात. चार हात लांब, अडीच हात रुंद. वरच्या काठाला बांबूची एक काठी, खालच्या काठाला दुसरी. तुम्हाला भिंतीवर टांगलं आहे. तुमच्या अंगभर परक्या भाषेतली अक्षरं रंगवली आहेत. समोर बत्तीस मुलं बसली आहेत आणि त्या सगळ्यांना तुमचा मनापासून राग येतो.

आता डोळे उघडा. मी एक जुना, उंदरांनी डावीकडून कुरतडलेला, इंग्रजी व्याकरणाचा तक्ता आहे.

तुम्हाला मी मित्र म्हणालो, कारण तशी रीत आहे. खरं सांगायचं, तर मुलांशी माझी मैत्री कधीच नव्हती. त्यांनी माझ्यावर कागदाचे ओले बोळे मारले. मी त्यांना उत्तरं दिली नाहीत. असं आमचं चालत असे. तरी आज बोलतो आहे, कारण एक गोष्ट माझ्याशिवाय सांगणारं कुणी उरलेलं नाही.

माझा जन्म पांढुर्ण्यातला. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधतात ना, ते जाड, खरखरीत कापड मी होतो. एखाद्या गठाणीला गुंडाळून मी रेल्वेने दूर कुठे तरी गेलो असतो आणि तिथे मला फाडून फेकून दिलं असतं. पण सुखदेव गुरुजींनी माझा तुकडा मागून घेतला. गुरुजी सौंसरजवळच्या एका गावच्या मराठी शाळेत दहावीला इंग्रजी शिकवत. त्यांनी मला काखेत मारून थेट हिरामण पेंटरकडे नेलं. हिरामण ट्रकच्या पाठी आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

"गुरुजी, हे इंग्रजी मले येत नाही," हिरामण म्हणाला. "तुम्ही लिहून द्या. मी बैल काढल्यासारखं एकेक अक्षर काढून देतो."

तसंच झालं. त्याने तीन दिवस एकेका अक्षराचं चित्र काढलं. डाव्या अर्ध्या भागात लाल रंगाने अट, उजव्या अर्ध्या भागात निळ्या रंगाने तिचं फळ. मध्येच त्याने ब्रश थांबवला.

"हे काय हाय गुरुजी? कागदावर माशी बसली व्हती काय?"

"तो स्वल्पविराम आहे, हिरामणभाऊ. अट संपली, आता जरा दम घ्या, असं तो सांगतो."

"असं काय? मग बारीक कशाले काढू? दिसला पाह्यजे." म्हणून माझ्यावरचे स्वल्पविराम मिरचीएवढे आहेत. पुढे मुलं त्यावर खूप हसली. मला ते लागायचं.

गुरुजींनी शिंप्याकडून माझ्या मधोमध एक घडी शिवून घेतली, दोन्ही काठ्या घडीशी कापल्या आणि मागे दोन बटणं लावली. त्यामुळे माझा डावा लाल भाग मागे दुमडून झाकता येई आणि समोर फक्त निळी बाजू उरे. असा तक्ता तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिला नसेल. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवत नाही.

माझ्यावर तीन वाक्यं होती. पहिलं, 'इफ इट रेन्स टुडे, द बस विल बी लेट.' आज पाऊस आला, तर बस उशिरा येईल. हे घडू शकतं. दुसरं, 'इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय टु तिगाव.' मला पंख असते, तर मी तिगावला उडत गेलो असतो. पंख नाहीत, म्हणून हे नुसतं मनातलं. तिसरं, 'इफ यू हॅड कॉल्ड मी, आय वुड हॅव कम.' तू बोलावलं असतंस, तर मी आलो असतो. पण तू बोलावलं नाहीस, मी आलो नाही, आणि तो दिवस गेला. या तिसऱ्या वाक्याशी गुरुजी नेहमी थोडं थांबायचे.

मग ते माझा डावा भाग मागे दुमडत. भिंतीवर उरे, 'आय वुड हॅव कम.' मी आलो असतो.

"आता सांगा," गुरुजी म्हणत, "अर्धं वाक्य कुणी तरी गिळलं आहे. काय गिळलं?"

"जेवण असतं तर!" मागून कुणी तरी ओरडे, आणि वर्ग खिदळे.

"तेही चालेल. पण काही तरी आहे एवढं कळलं ना? पाटात पाणी वाहताना दिसलं, की कुठे तरी मोटार सुरू असतेच. आपल्याला दिसत नसली तरी. तसं 'वुड हॅव' दिसलं, की मागे एक अट असते. माणसं ती बोलत नाहीत. ती आपण शोधायची."

एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'विदाऊट वॉटर, द ट्री विल डाय.' पाण्याविना झाड मरेल. यात 'जर' कुठेच नाही, पण अट आहे, ती त्या 'विदाऊट'च्या पोटात आहे, असं ते समजावत होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा गुणवंता उठला. पुंडलिकरावांचा हा मुलगा. त्यांचा संत्र्याचा बगीचा गावात सर्वांत मोठा, आणि शाळेच्या समितीतही तेच.

"गुरुजी, हे वाक्य खोटं हाय," गुणवंता म्हणाला. "डिसेंबरात आम्ही झाडाले ताण देतो. महिनाभर पाण्याचा थेंब देत नाही. झाड मरत नाही. मग पाणी सोडलं, की फुलांनी भरते. मधात कोणं पाणी देल्लं, तर नुसता पाला येते, फूल नाही."

गुरुजींना इतका आनंद झाला, की त्यांनी खडू खाली ठेवला. "शाबास! म्हणजे या वाक्यात आणखी एक अट लपली होती, आणि ती मलाही माहीत नव्हती."

त्या दिवशी गुणवंता मला आवडला. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी त्याने संत्र्याची साल माझ्या तिसऱ्या वाक्यावर पिळली, आणि तो पिवळा डाग अजून आहे.

शेवटच्या बाकावर इंदू बसायची. तिचे वडील भिवाजी पुंडलिकरावांकडे सालदार होते, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर कामाला. इंदूसकट बौद्धवाड्यातली सहा मुलं एका रांगेत मागे बसत. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. इंदू माझ्यावर बोळे मारत नसे, पण तिलाही माझ्याबद्दल प्रेम होतं असं समजू नका. ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघायची, जशी आपण हिशेबात फसवणाऱ्या दुकानदाराकडे बघतो. माझ्या मागे काय दुमडलं आहे, ते तिला हवं असायचं.

"एवढं इंग्रजी शिकून कोठं जाशील वो?" गुणवंता तिला चिडवे. "बगीच्यातली माकडं इंग्रजीनं हाकलशील काय?"

"तुले मराठीतून हाकललं तर समजत नाही," इंदू म्हणे. "म्हणून दुसरी भाषा शिकून राहिली."

आता जानेवारीतल्या त्या सोमवारबद्दल सांगतो. सन सत्त्याऐंशी. दोन महिन्यांवर बोर्डाची परीक्षा होती.

शाळा भरण्याआधी गुणवंता आणि त्याच्या शेजारचा प्रकाश माझ्याखाली उभे होते. गुणवंताचा चेहरा उतरला होता.

"अबे, काल सांजच्याले बैलाच्या टाक्यात पाणी घ्याले मी बगीच्याच्या पाटाचं तोंड उघडलं," तो हळूच म्हणाला. "माती टाकून परत बुजवाचं राहून गेलं न बे. आता मोटार लागली, तर पाणी सरळ बगीच्यात जाईन."

"मंग जाऊन बुजव ना."

"आता गेलो तर माहे बाबा विचारतील, काहून आला म्हणून. दुपारी बुजवतो. लाइन कुठं एवढ्यात येऊन राहिली."

पण लाइन आली. त्या दिवसांत वीज मन मानेल तेव्हा यायची. त्या सकाळी ती साडेदहाला आली, आणि हे दोघे तेव्हा वर्गात बसलेले होते. इंदू त्या दिवशी उशिरा, दुसऱ्या तासाला आली. तिसरा तास सुरू झाला. गुरुजींनी माझा लाल भाग नुकताच मागे दुमडला होता, इतक्यात दारात पुंडलिकराव उभे राहिले. चपला चिखलाने भरलेल्या, धोतराचा काठ ओला.

"कुठं हाय ते भिवाजीची पोट्टी?"

इंदू उभी राहिली.

"पुंडलिकराव, आधी बसा," गुरुजी म्हणाले. "थोडं पाणी घ्या."

"पाण्याचं नाव काढू नका माह्यासमोर!" त्यांचा आवाज छतापर्यंत गेला. कुणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "मोटार कोणं चालू केली वो?"

"मी केली, काकाजी. तुम्हीच सांगतलं होतं. लाइन आली की बटन दाब, गव्हाले पाणी जाऊ दे, मंग शाळेत जा."

"अन् पाणी कुठं गेलं? बगीच्यात गेलं! तीन हप्त्यांचा ताण तोडला तुनं. अर्धा बगीचा भिजला. आता पाला खाऊ काय आम्ही वर्षभर?"

 ताण तुटणं म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. त्या गावात तिसरीतलं पोरही डिसेंबरात संत्र्याच्या बुंध्याशी तांब्या ओतत नाही.

"पाटाचं तोंड उघडं हाय का बुजलेलं, हे पाहता येत नव्हतं?" पुंडलिकराव म्हणाले. "हेही सांगा लागते काय तुले? समजून घ्याची गोष्ट हाय ते! तुह्या बापानं पाहिलं असतं."

"बाबाले तुम्ही कापूस घेऊन पांढुर्ण्याले धाडलं, काकाजी."

"तोंड चालवते वरतून! ऐका गुरुजी. आजपासून हिची शाळा बंद. उद्या पहाटेपासून बगीच्यात. झाडाची एकेक मुळी उघडी करून वाळवाची हाय, ते काम हे करन. पुरा उन्हाळा."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं, तर मी बोललो असतो. गुणवंता माझ्यासमोर चार हातांवर बसला होता. सकाळचं त्याचं बोलणं माझ्या अंगावर अजून ताजं होतं. पण माझ्याजवळ तीनच वाक्यं होती, आणि त्यांतलीही निम्मी मागे दुमडलेली. इतका राग मला कधी आला नाही. गुणवंताचा राग आला, प्रकाशचा आला, आणि हिरामणचाही आला, की त्याने माझ्यावर एक तोंड का काढलं नाही.

इंदूने मान वर केली. 

"सांगा लागते, काकाजी," ती म्हणाली.

"काय म्हटलं?"

"तुम्ही म्हटलं, हेही सांगा लागते काय. तर सांगा लागते. तुम्ही म्हटलं, लाइन आली की बटन दाब. तोंड बुजलेलं असन तर दाब, असं तुम्ही म्हटलं नाही. ते तुमच्या मनात होतं. अन् ते तोंड तीन हप्त्यांपासून बुजलेलंच होतं. बाबानं स्वतः माती दाबली होती. मंग ते उघडलं कोणं?"

 प्रकाशने गुणवंताकडे पाहिलं.  गुणवंता बाकावरची एक रेघ नखाने कोरत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. ते कान पुंडलिकरावांनी पाहिले. बाप शेवटी आपल्या मुलाचे कान ओळखतो.

मला वाटलं, आता सगळं सरळ होईल. मी चुकलो. आपलीच चूक उघडी पडलेला माणूस मऊ पडतोच असं नाही. कधी कधी तो आणखी कडक होतो.

"बरं," पुंडलिकराव सावकाश म्हणाले. आवाज खाली आला होता, पण तो मला आधीपेक्षा वाईट वाटला. "पोरगी हाय, सोडून देतो. सगळ्यांसमोर माफी माग. चूक माही झाली म्हण. मंग बस शाळेत."

"अन् बाबाचं काय?" इंदूने विचारलं. "मी माफी मागतली, तर पाडव्यानंतर बाबाचं साल राहीन काय?"

"ते मंग पाहू."

"आत्ता सांगा ना जी. चूक माही झाली म्हटलं, तर उद्या गावात तुम्ही सांगान, का भिवाजीच्या पोरीनं कबूल केलं. मंग बाबाले कोण ठेवन?"

"पुंडलिकराव," गुरुजी पहिल्यांदाच मध्ये बोलले, आणि अगदी शांतपणे बोलले. "वाक्य पुरं करा. ती तेवढंच मागते आहे."

पुंडलिकराव त्यांच्याकडे वळले. "गुरुजी, तुम्ही मास्तर हा. मास्तरच्या बदल्या होतात, माहीत हाय ना?"

तेव्हा पहिल्या बाकावरून कुणी तरी, अगदी हळू पण स्पष्ट, म्हणालं, "इफ यू डोन्ट कीप क्वाएट."

म्हणजे, तुम्ही गप्प बसला नाहीत, तर. तो प्रकाश होता. माझ्यावर सर्वांत जास्त बोळे मारलेला प्रकाश! गुरुजींच्या बदलीच्या वाक्यातला गिळलेला अर्धा भाग त्याने नेमका बाहेर काढून ठेवला होता. आधी दोघं हसले, मग मागची रांग हसली, मग सगळा वर्ग. पुंडलिकरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण हसणं कुणाला कळत नाही? त्यांच्या कपाळाची शीर उठली.

यापुढे काय काय झालं, ते मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला शेवटी हव्या त्या जागी थांबता येईल.

जूनमध्ये गुरुजींची खरंच बदली झाली. पाडव्याला भिवाजींचं साल संपलं आणि पुढचं त्यांना मिळालं नाही. तिगावच्या बाजूला दुसऱ्या एका बगीच्यात ते कामाला गेले. मार्चमध्ये परीक्षेचं प्रवेशपत्र घ्यायला इंदू याच खोलीत आली होती, ते मी पाहिलं. निकाल काय लागला, मला माहीत नाही. तक्त्यांना निकाल कुणी सांगत नाही. गुणवंताने घरी खरं सांगितलं की नाही, तेही मला ठाऊक नाही. मात्र त्यानंतर त्याने माझ्यावर कधी साल पिळली नाही.

नव्या मास्तरांना मी आवडलो नाही. "हे फडकं कोणं टांगलं?" असं त्यांनी विचारलं आणि मला गुंडाळून कपाटावर टाकलं. पुढची वर्षं मी खडूंच्या खोक्यांखाली काढली. उंदरांना लाल रंग जास्त आवडला असावा, त्यांनी आधी माझ्या अटी खाल्ल्या. आता कुणी मला उघडलं, तर त्याला निळी उत्तरंच दिसतील. पंखाविना तिगावला उडणं, न बोलावता येणं. कुणाला काही कळणार नाही.

म्हणून एक मागणं आहे. मला शिवून घ्या, भिंतीवर लावा, असं मी म्हणत नाही. माझं झालं ते झालं. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी काम सांगाल, कुणाला शब्द द्याल, कुणाला धाक घालाल. तेव्हा तुमच्या मनात जे 'जर' असेल, ते तोंडाने बोला. समोरच्याने ते ओळखावं आणि चुकलं तर मार खावा, हा न्याय नव्हे. आणि तुम्हाला कुणी अर्धं वाक्य दिलं, तर उरलेलं मागून घ्या. मागायला भीती वाटेल. इंदूलाही वाटत होती. तरी तिने विचारलं.

तर वर्ग हसत होता, आणि पुंडलिकराव दाराशी मुठी आवळून उभे होते.

"शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "माफी मागतं का नाही?"

हसणं थांबलं. इंदूने वहीवर ठेवलेला हात उचलला आणि दोन्ही हात जोडले.

"मागते, काकाजी. पाटाकडे न पाहता मी बटन दाबलं. घाईत होती. तेवढं माहं चुकलं, अन् तुमच्या झाडांचं नुकसान झालं, त्याची मी माफी मागते. तोंड मी उघडलं नव्हतं. त्याची माफी ज्याची हाय, त्यानं मागावी."

"अन् उद्या पहाटे?"

 पुंडलिकराव अजून दारातच उभे होते. बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती खाली बसली, ओढणी सावरली, वहीचं कोरं पान काढलं, पेनचं टोपण दातांनी ओढलं, आणि गुरुजींकडे बघून म्हणाली,

"पुढचं वाक्य सांगा, गुरुजी."